अकरा घरांच्या किल्ल्या

३ फेब्रुवारी

चि. ठकीस, किंवा हे पाकीट जी कोणी उघडेल तिला, आशीर्वाद.

मी तुझी आजी. आठवत नसेल म्हणून खुणा सांगते. तुझ्या बापाची आई, उंचीने तुझ्या खांद्याइतकी, उजव्या गालावर तीळ. तुझ्या डोक्यातल्या उवा मी मोजून काढल्या आहेत. एवढ्यावर ओळख पटली तर पुढे वाच, नाहीतर पाकीट पोस्टमनला परत दे.

तुझं मागचं पत्र आलं तेव्हा शिंपीमामाच्या डोक्यावर बारा केस शिल्लक होते. आता त्याच्या कापायच्या टेबलापाशी बसून मी सांगते आहे आणि तो लिहितो आहे, तर खिडकीतला उजेड त्याच्या टकलावरून उसळून थेट कागदावर पडतो. लिहायला सोयीचं झालं. हे वाक्य त्याने खरंच लिहिलं का, ते उलट टपाली कळव. मला वाचता येत नाही याचा लोक फार फायदा घेतात.

आता गल्लीची खबर. काचेचा कारखाना बंद झाल्यापासून आपली अकरा घरं एकेक करून रिकामी होत होती, ती आता सगळी भरली. जुनी माणसं उरली तीन घरांत: पहिल्यात सेक्रेटरी, चौथ्यात मी आणि कोपऱ्यावर अकराव्यात हा शिंपी. बाकीच्यांची पोरं तुझ्यासारखी उडाली आणि मागाहून आईबापांनाही घेऊन गेली. त्या आठ घरांत जगभरचं माणूस येऊन राहिलंय. आपल्याहून काळी, आपल्याहून गोरी, आणि नवव्या घरातली तर अशी, की रंग कुठला हे ठरवायला त्यांना उन्हात आणून उभं करावं लागेल. कुणी त्या नव्या मोठ्या गोदामात कामाला, कुणी इस्पितळात. संध्याकाळी गल्लीतून चाललं की पाच भाषांतली भांडणं ऐकू येतात. मला त्यातली एकही भाषा येत नाही, पण चूक कुणाची आहे ते बरोबर कळतं.

सेक्रेटरी रोज सकाळी फाटकाशी उभा राहून मोजतो. आपले किती, त्यांचे किती. मी त्याला म्हटलं, बाबा रे, आपण सगळे नवे इथे राहायला आलो तेव्हा पलीकडच्या वस्तीतला एक जण असाच फाटकाशी उभा राहून मोजायचा, आणि त्याच्या मोजणीत तू होतास. तर म्हणतो, तेव्हाची गोष्ट वेगळी. वेगळी तर खरीच. तेव्हा त्याला हसता येत होतं.

किल्ल्यांचं तर तू विसरलीच असशील. कारखान्यात तीन पाळ्या, त्यामुळे कोण घरी, कोण कामावर, कोण गाढ झोपलेलं, याचा मेळ कुणालाच लागत नसे. म्हणून प्रत्येक घराची एक किल्ली माझ्याकडे. माझ्या स्वयंपाकघराच्या दारामागे अकरा खिळे, आणि मला आकडे कळत नाहीत म्हणून प्रत्येक किल्लीला त्या त्या घरातली चिंधी बांधलेली. हिरव्या फुलांचा पडदा म्हणजे पाचवं घर, निळ्या पट्ट्यांची उशी म्हणजे आठवं. कुणाचं दूध उतू जावो, कुणाचं पोर आत अडको, मी चिंधी बघायची, किल्ली घ्यायची, आत जाऊन काम उरकायचं. चाळीस वर्षांत मी या गल्लीत कुणाची कडी वाजवल्याचं मला आठवत नाही. माणसं गेली, किल्ल्या राहिल्या. नव्यांपैकी कुणाला कुलूप बदलायचं सुचलं नाही आणि मला किल्ल्या काढायचं.

तर गेल्या मंगळवारी दुपारी बघते तो पाचव्या घराच्या दाराखालून पाणी. पाचवं म्हणजे माझ्या भिंतीला भिंत. तिथे सहा महिन्यांपासून एक नर्स राहते, तिचा नवरा गोदामात क्रेन चालवतो, त्याची म्हातारी आई आणि पाच वर्षांची मुलगी. दिवसाचं नवराबायको कामावर. मी हिरव्या फुलांची चिंधी बघितली, आत गेले, नळ बंद केला, लादी पुसून लख्ख केली. गेलेच आहे तर म्हणून फळीवरच्या डब्यांची झाकणंही जुळवून ठेवली, एकाचं दुसऱ्याला होतं. घरात चिटपाखरू नव्हतं. घरी येऊन पाठ टेकली तर पाठ आणि लादी दोन्ही सारखीच गार.

आणि आभार? नाव नको. नर्स समोरून गेली तर मान वर करत नाही. शेजारधर्म कशाशी खातात हे या लोकांना ठाऊकच नाही.

असो. लिहीत जा. खालचा अंगठा माझा आहे, शाईचा डाग समजून पुसू नकोस.

तुझी आजी

ता. क. टकलाचं वाक्य लिहिलं आहे. प्रामाणिकपणा हा आमच्या धंद्याचा पाया. 'चिटपाखरू नव्हतं' हेही त्यांनी सांगितलं तसंच उतरवलं आहे. त्यावर मी काही म्हणत नाही.
— शिंपीमामा


२१ फेब्रुवारी

प्रिय आजी,

खुणा पटल्या. टकलाचं वाक्य शाबूत पोचलं, मामांना सांग.

दोन महिने लिहिलं नाही हा गुन्हा कबूल. इथे चष्म्याच्या कारखान्यात वर्षअखेरीला फार काम असतं. मी भिंगं घासते. दिवसभर एकेक भिंग चाकावर धरायचं, पाणी सोडत राहायचं, आणि कडेला नख लावून खरखर उरली का ते बघायचं. संध्याकाळी बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झालेली असतात की पुस्तकाचं पान उलटत नाही. आजोबांनी काच वितळवली, मी घासते. घराण्याची परंपरा म्हणायची.

तू विचारलं नाहीस, पण तुझ्या पत्रावरून सांगावंसं वाटलं. मी तुला लिहिलं होतं की घरमालकीण प्रेमळ आहे. ते अर्धंच खरं. आमच्या या गल्लीत बाहेरून आलेली मी एकटीच. कुणी वाईट बोलत नाही. फक्त बसमध्ये माझ्या शेजारची जागा सगळ्यांत शेवटी भरते. पहिल्या महिन्यात एकदा कामावरून आले तर माझी चादर बदललेली. मी जशी घडी घालते तशी ती नव्हती. टेबलावरची तुझी पत्रं एकावर एक नीट रचलेली, वरची खाली गेलेली. काही चोरीला गेलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच. मग कळलं, तिच्याकडे माझ्या खोलीची किल्ली आहे आणि मी नसताना ती येऊन धूळ पुसते. चांगल्याच भावनेने. पण ते कळेपर्यंत तीन आठवडे मी दाराला खुर्ची लावून झोपत होते. तुला कळवलं नाही, कारण तू पुढची गाडी पकडून आली असतीस.

आजी, पाचव्या घरात जाताना तू दार वाजवलं होतंस का?

तुझी
ठकी


६ मार्च

चि. ठकीस आशीर्वाद, नेहमीपेक्षा थोडे कमी.

तुझी घरमालकीण भली बाई दिसते. फुकटात धूळ पुसणारं माणूस मला या जन्मी भेटलं नाही. तिला माझा नमस्कार सांग, आणि चादरीची घडी तिच्याकडून शिकून घे. तुझी मला ठाऊक आहे.

दार वाजवलं का, असं विचारतेस. पाणी दार वाजवून बाहेर येत होतं का?

इकडे विशेष नाही. गुडघा आहे तसाच आहे. पाचव्या घरातली माणसं जागा सोडणार म्हणतात. कारण मला काय माहीत. हवा मानवली नसेल.

शिंपीमामाला आज घाई आहे, म्हणून थांबते. खरं म्हणजे घाई त्याला नाही.

आजी

ठके,
हे मी आजीला वाचून न दाखवता लिहितो आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. पाकीट मीच चिकटवतो, म्हणून जमलं.

घर रिकामं नव्हतं. नर्सची सासू आणि ती लहान मुलगी मागच्या खोलीत झोपल्या होत्या. कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज म्हातारीने ऐकला. घरातली दोघंही कामावर, म्हणजे हे तिसरंच कुणीतरी. तिने पोरीला उचललं, न्हाणीघरात शिरली आणि आतून कडी लावली. नर्स घरी येईपर्यंत अडीच तास त्या तिथे होत्या. नर्सने दार उघडायला लावलं तेव्हा म्हातारीचा हात पोरीच्या तोंडावर होता, तो एकेक बोट करून सोडवावा लागला.

नर्स तिचा गणवेश कमरेत आत घेऊन शिवायला माझ्याकडे आली होती. टाचण्या लावताना मी पाठीमागे असतो, समोर कुणी नसतं, म्हणून माणसं शिंप्याशी बोलतात. ती म्हणाली, त्यांच्या गावी एकदा असंच कुणीतरी स्वतःच्या किल्लीने दार उघडून आत आलं होतं. म्हातारीच्या नवऱ्याला घेऊन गेलं, ते परत आणलं नाही. इथे कोण आलं होतं ते त्यांना माहीत नाही. मला माहीत होतं, आणि मी टाचण्या लावत राहिलो. गणवेश दोन इंच आत घ्यावा लागला, ठके. एका महिन्यात.

तिच्या नवऱ्याने सेक्रेटरीकडे तक्रार दिली. सेक्रेटरीने कागद तयार केला आहे की असं काही घडलंच नाही, आपल्या वस्तीत असं घडत नाही, त्या लोकांना भास झाला. पंचवीस तारखेला सभा आहे. शेजारी म्हणून त्या कागदावर आजीचा अंगठा हवा आहे.

आजीला सगळं ठाऊक आहे. मीच सांगितलं. तेव्हापासून ती मागच्या दाराने येते-जाते.
— शिंपीमामा


१७ मार्च

प्रिय आजी,

मामा, हे पत्र एक अक्षर न गाळता वाचा.

आजी, मामांनी मला सगळं कळवलं. त्यांच्यावर रागवायचं असेल तर नंतर रागव, आधी माझं ऐक.

तू वाईट हेतूने गेली नव्हतीस, हे मला शपथेवर सांगायला नको. तू आत आलीस म्हणून मी आयुष्यात एकदाही दचकले नाही. म्हणूनच तुला वाटतं की तुला कुणी घाबरूच शकत नाही. पण त्या म्हातारीने तुला पाहिलंच नाही. तिने फक्त किल्ली ऐकली.

त्या तीन आठवड्यांत मला काय वाटत होतं ते सांगते. जिन्यावर वाजणारं प्रत्येक पाऊल मला त्याचंच वाटायचं. दूधवाला, पोस्टमन, वरच्या मजल्यावरचे म्हातारे गृहस्थ, सगळ्यांकडे मी तेच बघायची: हा का? माणूस कोण ते माहीत नसलं की सगळी माणसं तोच होतात. मला घरमालकिणीची माफी नको होती. तिने जिन्यात थांबून एवढंच म्हणायला हवं होतं, की अगं, मी आले होते. मी त्याच रात्री खुर्ची बाजूला केली असती. शेवटी मीच एक दिवस अर्धी रजा घेऊन पाळतीवर बसले, तेव्हा हातात फडकं घेतलेली ती दिसली. दोघी किंचाळलो.

ती माणसं तिथून गेली, तर जिथे जातील तिथे खुर्ची सोबत घेऊन जातील.

तू काय करावंस ते मी सांगत नाही. तुला सांगून कधी काही झालेलं नाही.

तुझीच
ठकी


२७ मार्च

चि. ठकीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचताना शिंपीमामाने मध्येच दोन वाक्यं गिळली. मला वाचता येत नाही, पण गळ्याची घाटी वरखाली झालेली दिसते. पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. मग त्याच्याशी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी गुडघ्याचं तेल संपलं आणि बाटलीचं झाकण त्याच्याशिवाय कुणाला उघडत नाही, म्हणून मिटवलं.

सभेच्या आधी मी तीनदा पाचव्या घरापाशी गेले. पहिल्यांदा दारापर्यंत पोचले आणि हात आपोआप मुठीऐवजी चिमटीत आला, किल्ली धरल्यासारखा. परत आले. दुसऱ्यांदा मूठ वळली, पण किती जोरात वाजवायचं ते कळेना. हळू वाजवावं तर चोरपावलांचं वाटायचं, जोरात वाजवावं तर पोलिसांचं. तिसऱ्यांदा दाराच्या फटीतून ती लहान पोर बघत होती. तिने मला बघितलं आणि फट बंद झाली. ठके, ऐंशीच्या घरात आले, आजवर मला बघून एकाही पोराने दार लावलं नव्हतं.

सभा कारखान्याच्या जुन्या भोजनगृहात. सगळी अकरा घरं आली होती, ही या गल्लीतली पहिलीच खेप. जुने तिघं भिंतीशी, बाकीचे खिडकीकडे, मधली बाकं रिकामी. बस आठवली मला तुझी. सेक्रेटरीने कागद वाचला. चांगलं वाचतो तो, थुंकी उडते इतकंच. मग म्हणाला की आता शेजारच्या ज्येष्ठ रहिवासी अंगठा देतील, आणि शाईची डबी माझ्यासमोर सरकवली.

मी घरून कापडी पिशवी घेऊन गेले होते. ती टेबलावर उलटी केली. सगळ्या किल्ल्या चिंध्यांसकट खळखळून पडल्या. सेक्रेटरीला वाटलं, म्हातारीची पिशवी सांडली. गोळा करायला लागला बिचारा.

मी उभी राहिले आणि पाचव्या घराकडे बघून म्हणाले, "मी आले होते. तुमच्या घरात. त्या मंगळवारी."

तुझेच शब्द, थोडा आकार बदलून. मग पुढचं सांगितलं. पाणी, नळ, लादी, झाकणं. किल्ल्यांची रीत सांगितली, आणि सांगता सांगता माझ्याच कानाला ती कशीतरी लागली. या रीतीत ज्यांना धरलंच नव्हतं, त्यांच्या घराची किल्ली मी खिळ्याला लावून बसले होते. माझी माणसं म्हणजे ज्यांच्या चिंध्या माझ्याकडे आहेत ती. यांची चिंधी कुठे होती माझ्याकडे? आणि सेक्रेटरी मोजतो म्हणून मी त्याला हसत होते.

सेक्रेटरी हळूच म्हणाला, अहो बसा खाली, आपलीच नाचक्की. मी म्हटलं, नाचक्की माझी आहे, तू तुझी वेगळी कर.

नर्स उठली. तिला आपली भाषा येते, सावकाश बोलते, इस्पितळात शिकलेली, त्यामुळे आपण सगळे आजारी असल्यासारखी बोलते. ती म्हणाली, "दारावर कागद लावला होता. आत म्हातारं माणूस असतं, आधी घंटी वाजवा, म्हणून. तुमच्या भाषेत लिहिला होता. मुद्दाम."

सगळी सभा माझ्याकडे बघत होती. गल्लीत नव्यांपैकी कुणालाच हे माहीत नव्हतं, आणि मी ते कळू दिलं नव्हतं. येणारा कागद उलटा धरून मान हलवण्यात मी पटाईत आहे.

मी म्हटलं, "मला वाचता येत नाही."

ती खाली बसली. तिच्या सासूने तिला काहीतरी विचारलं असावं, कारण ती तिच्या कानाशी लागून बराच वेळ बोलत राहिली. म्हातारीने माझ्याकडे बघितलं. पायांपासून सुरुवात करून वर, सावकाश, दुकानातला कपडा बघतात तसं. हसली नाही, रागावलीही नाही. मग ती उठली, नातीचा हात धरला आणि त्या घरातली सगळी माणसं निघून गेली. कागदावर अंगठा पडला नाही. सेक्रेटरीने डबीचं झाकण लावलं आणि बोटाला लागलेली शाई पुसत बसला.

बाकीच्यांना आपापल्या किल्ल्या ओळखायला वेळ लागला, कारण चिंध्या कुणाच्याच नव्हत्या. मीच एकेक हातात दिली. नवव्या घरातला हसला. आठव्या घरातल्याने घेतली आणि दुसऱ्याच दिवशी कुलूप बदललं. बरोबर केलं त्याने. पाचव्या घराची राहिली होती, ती शिंपीमामाने नेऊन दिली. आता माझ्या दारामागे नुसते खिळे आहेत. रिकामे खिळे फार दिसतात, गं.

पण ठके, भिंतीपलीकडून काल दिवसभर खोकी ओढल्याचा आवाज येत होता. त्यांचं सामान बांधून झालंय. सोमवारी गाडी येणार. तू म्हणालीस, नुसतं सांगितलं की पुरे. तू तरुण आहेस. आपल्याला उशीर झाला.

आजी

ता. क. त्या बोलत असताना मी दोन वेळा नाक शिंकरलं. कागदावरचा डाग त्याचा आहे, त्यांच्या अंगठ्याचा खाली आहे.
— शिंपीमामा


८ एप्रिल

आजी,

पत्र आजच मिळालं. म्हणजे तुझा सोमवार होऊनही गेला. गाडी आली का? गेली का? इथे भिंग चाकावर धरते आणि तुझी खोकी ऐकू येतात. आज दोन भिंगं वाया घालवली आणि मुकादमाने विचारलं, कुणी आजारी आहे का. मी म्हटलं, आमच्या शेजारी राहतात ते. तो म्हणाला, तुझे शेजारी तर आम्ही. मी तिसरं भिंग चाकावर धरलं.

दोन ओळी तरी लगेच पाठव. मामा, तुम्ही एकटेच लिहिलंत तरी चालेल.

ठकी

आणि एक. काल जिन्यात घरमालकीण भेटली. तिला म्हटलं, येत जा, पण मी असताना. रविवारी येणार आहे. फडकं घेऊन येते का बघायचं.


२० एप्रिल

चि. ठकीस पोटभर आशीर्वाद.

'मामा, तुम्ही एकटेच लिहिलंत तरी चालेल' हे वाक्य मला चार वेळा वाचून दाखवण्यात आलं. त्याची छाती फुगून शर्टाचं बटण तुटलं. शिंप्याच्या शर्टाचं बटण तुटलेलं तसंच राहतं, तुला माहीत आहे.

गाडी आली. सोमवारी सकाळी, तीही मागे घेत फाटकात घुसताना सेक्रेटरीच्या कुंड्या चिरडत. क्रेनवाल्याने कपाट चढवलं, पलंग चढवला, खोकी चढवली. मी माझ्या खिडकीत उभी. मागच्या दाराने नाही, सरळ पुढच्या खिडकीत. जाताना बघावं एवढं तरी देणं मी लागत होते.

अर्धं सामान चढलं आणि म्हातारी बाहेर आली. तिची एक पत्र्याची पेटी आहे. ती तिने अंगणात ओढत आणली, अगदी मध्यावर ठेवली आणि वर बसली. मुलगा पेटी उचलायला गेला, तर ती हलेना. नर्सने समजावलं. नवऱ्याने हात जोडले. गाडीवाल्याने भोंगा वाजवला. म्हातारी बसून. शेवटी ती बोलायला लागली. मोठ्याने नाही, पण थांबेचना, आणि बोलता बोलता दोनदा माझ्या खिडकीकडे बोट दाखवलं. म्हटलं, शिव्या आहेत, आणि हक्काच्या आहेत.

नर्सचा चेहरा मला दिसत होता. आधी ताणलेला होता, मग कसातरी झाला, आणि मग ती मटकन पायरीवर बसून हसायला लागली. डोळ्यांत पाणी आणि हसते आहे. राहवेना म्हणून मी बाहेर गेले. कुंपणापाशी थांबले, आत गेले नाही. म्हटलं, काय म्हणतात त्या?

नर्स म्हणाली, "म्हणतात, इथे माझ्या घरात कोण शिरतं ते आता मला माहीत झालंय. ती समोर उभी आहे, तिला धड वाचताही येत नाही, आणि झाकणं चांगली जुळवते. नव्या जागी कोणाकडे किल्ली असेल, ते तुम्ही मला सांगा. मग उठते."

ते कुणालाच सांगता येईना. गाडीवाला म्हणाला, मलाही नाही.

संध्याकाळपर्यंत सामान उतरवलं. नवव्या घरातले आले मदतीला. आठव्याचा आला तो सरळ कपाटाखालीच घुसला. सेक्रेटरीही आला. कुंड्यांबद्दल भांडायला आला होता, पण कुणीतरी त्याच्या हातात पलंगाचं एक टोक दिलं, आणि पलंग धरून भांडता येत नाही. शिंपीमामा गादीखाली दिसेनासा झाला होता, त्याला मागाहून काढला.

पाचव्या घराने दुसऱ्या दिवशी नवं कुलूप बसवलं. चांगलं जाडजूड, दोन फेऱ्यांचं. मला किल्ली दिली नाही आणि मी मागितली नाही. मी आता घंटी वाजवते. वाजवून दोन पावलं मागे सरायचं, म्हणजे आतल्याला आपण पूर्ण दिसतो, हे मी शोधून काढलंय. नात फटीतून बघते, 'तीच आहे' असं काहीतरी ओरडते आणि दार उघडते.

पण म्हातारीचं ऐक. गेले पंधरा दिवस रोज दुपारी, माझा डोळा लागायच्या बेताला, माझं दार धाडकन उघडतं आणि ती आत येते. कडी नाही, हाक नाही, घंटी नाही. येते ती थेट स्वयंपाकघरात. माझे डबे खाली काढते, झाकणं बदलते, नाक मुरडते आणि मग माझ्यासमोर पाय पसरून बसते. ती तिच्या भाषेत बोलते, मी माझ्या. परवा तिने तिच्या नवऱ्याचं सांगितलं. शब्द एक कळला नाही. मी तुझ्या आजोबांचं सांगितलं. पहिल्या दिवशी मी दचकले, खोटं कशाला सांगू. हातातला पेला सांडला. ती ते बघून हसली, गालांना खळ्या पडेपर्यंत, आणि मला कळलं की ही मुद्दाम न वाजवता आली होती. हिशोब बरोबरीत आणायला. बरोबरीत आला, तरी रोज येतेच आहे.

तेव्हा तू आता पार्सल पाठवशील त्यात कडक काही घालू नकोस. तिला चार दात आणि मला सहा, तेही समोरासमोर नाहीत. जर्दाळू पाठव. बिया काढलेले, मऊ, बोटाने दाबले तर दबतील असे. आणि एकाच पुड्यात नको, दोन वेगळे बांध, कारण ती बोलता बोलता खाते आणि मी ऐकता ऐकता बघत बसते.

तुझी आजी